कथील वर की खाली

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

०.३४!

सकाळपासून तिसऱ्यांदा. मॉडेल तेच, स्फटिक नवा, मोजणी नवी — आणि आकडा ०.३४. माझ्या थीसिसमध्ये हाच आकडा ०.१९ होता. दहा वर्षांपूर्वी. त्या ०.१९ वर मला डॉक्टरेट मिळाली, माझ्या गाइडचा, मधुसूदन सरांचा, आणि माझा पेपर छापून आला, आणि चाकणच्या या कंपनीतली नोकरीसुद्धा त्याच पेपरमुळे.

काहीतरी घाण असणार. स्फटिकावर कार्बन राहिला असेल. उद्या परत साफ करायचा, परत मोजायचं.

सलिल सरांना काही बोलले नाही. लॅबचे हेड ते, त्यांना आकडा नको असतो, ‘झालं का?’ एवढंच हवं असतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

स्फटिक दोन तास आर्गॉन वायूच्या माऱ्याने घासला. मग कथिलाचा थर चढवून तापवला सहाशे अंशांपर्यंत. खिडकीला काळं कापड, दिवे बंद, चेंबरच्या काचेतून पडद्याकडे बघत बसले. हिरवे ठिपके इतके बारीक आणि लख्ख, की फोटो काढून भिंतीवर लावावा. म्हणजे स्फटिक स्वच्छ आहे. निर्वातही उत्तम आहे.

सयाजीभाऊ दार ढकलून आत आले. पंप, पाइप, वॉल्व्ह सगळं तेच बघतात. म्हाळुंग्याचे. कंपनी यायच्या आधी या जागेवर त्यांच्या चुलत्याचं शेत होतं.

“मॅडम, तोंड का पाडलंय? मशीन तर ब्येस चाललंय.”

मशीन ब्येस चाललंय — तीच तर अडचण आहे!

०.३३.

५ फेब्रुवारी, बुधवार

घरी जेवताना नवनाथ, माझा नवरा, म्हणाला, “तीन दिवस तू ताटाकडे बघून आकडे पुटपुटतेयस. मलाही सांग की.”

सांगितलं. त्याच्या प्लांटला तो क्वालिटीत आहे, गिअरचे दात मोजतो, त्याला मोजण्याचं अप्रूप नाही. म्हटलं, अणू डोळ्याने दिसत नाही. म्हणून स्फटिकावर इलेक्ट्रॉन सोडायचे, मंद वेगाने, म्हणजे ते आत घुसत नाहीत, वरच्या तीन-चार थरांवरूनच उसळून परत येतात. पडद्यावर ठिपके पडतात. ठिपके कुठे पडले त्यावरून अणूंची नक्षी किती अंतराने परत परत येते ते कळतं. पण कोणता अणू नेमका कुठे बसलाय, ते त्यावरून कळत नाही.

“मग?”

मग इलेक्ट्रॉनचा जोर हळूहळू वाढवायचा आणि एकेक ठिपका कधी उजळतो, कधी विझतो ते मोजायचं. प्रत्येक ठिपक्याचा एक चढउताराचा आलेख. त्यानंतर आपण अंदाज करायचा — समजा कथिलाचे अणू वर बसलेत — आणि तसं असेल तर आलेख कसा येईल ते कॉम्प्युटरवर काढायचं. मोजलेला आणि काढलेला जुळला, तर अंदाज बरोबर. किती जुळला त्याचा तो आकडा. शून्य म्हणजे तंतोतंत. एक म्हणजे काही संबंध नाही. ०.२ च्या आत आलं की लोक विश्वास ठेवतात.

“आणि तुझं ०.३४.”

“हो.”

“आमच्याकडे असा पीस रिजेक्टमध्ये जातो,” तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून माझ्या ताटात भात वाढायला लागला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सलिल सरांनी बोलावलं. सीएनजी बसचं इंजिन बनवणाऱ्या कंपनीला २८ तारखेला उत्प्रेरकाची रेसिपी द्यायची आहे. धुराच्या नळकांड्यात बसतो तो. पॅलेडियम, त्यावर कथिलाचा एक अणूभर थर. गॅसमधल्या गंधकाने पॅलेडियम मरतं. कथील वर असलं की गंधक चिकटत नाही. सहाशे अंशाला भाजलं तरी कथील वरच राहतं — हे आमच्या पेपरात लिहिलंय. म्हणून रेसिपीत सहाशे.

आणि मधुसूदन सर आमच्या कंपनीचे सल्लागार. प्रपोजलच्या पहिल्याच पानावर त्यांचं नाव.

शेवटी सलिल सरांना सांगितलंच. म्हटलं, आकडा जुळत नाहीये.

“किती दिवसांत जुळेल?”

“जुळवायचा नसतो, सर. तो जुळतो किंवा जुळत नाही.”

ते हसले नाहीत. “योगिनी, इंजिनवाल्यांच्या चाचणीच्या बेंचवर आपला नमुना साठ तासांत मंद पडला. त्यांना वाटतंय गॅस खराब होता. मलाही तेच वाटायला हवंय. तू मला ते वाटू देशील का नाही, एवढंच सांग.”

साठ तास! हे मला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

कथील थोडं उजवीकडे सरकवून पाहिलं. ०.३१. थर वर उचलला, खाली दाबला. ०.३०. अर्धे अणू गायब केले. ०.३७.

एक अंदाज मी मुद्दाम टाळतेय हे आज जेवणाच्या सुट्टीत लक्षात आलं. कथील वर नाहीच. कथील आत उतरलंय, दुसऱ्या थरात, आणि वर नुसतं पॅलेडियम उघडं पडलंय.

तसं असेल तर पेपर चूक. थोडा नाही, पूर्ण.

गणिताला लावायला हात उचलेना. आधी मोजणी आणखी मोठ्या पल्ल्यापर्यंत घ्यायची ठरवलं. म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको.

१३ फेब्रुवारी, गुरुवार



गुरुवार, दुरुस्तीसाठी लाइट जाणार हे माहीत होतं, म्हणून जनरेटरवर मोजणी सुरू ठेवली होती. नऊपैकी सहा ठिपके मोजून झाले होते. दुपारी सव्वाबाराला जनरेटरही बसला. अंधार. पंपाचा आवाज खाली खाली जायला लागला. अशा वेळी पंप आणि चेंबरमधला वॉल्व्ह आपोआप बंद व्हायला हवा. झाला नाही! चेंबरमध्ये हवा गेली असती तर स्फटिक खराब, चेंबर पुन्हा भाजायचा, पुन्हा उपसायचा, दोन आठवडे गेले. २८ तारीख गेली.

मी ओरडले, “सयाजीभाऊ!”

ते आधीच पळत आले होते. चेंबरखाली आडवे झाले, हाताने वॉल्व्हचा दांडा फिरवायला लागले. तो हलेना. मी टॉर्च धरून. दाबाचा आकडा चढतोय. दहाच्या उणे दहाव्या घातावरून उणे नऊ. उणे आठ.

“भाऊ, उणे आठ!”

“आकडे नका सांगू मॅडम! उजेड हिकडं धरा!”

पाना घसरला, त्यांच्या बोटाचं साल निघालं. परत लावला. खट्ट — फिरला. आकडा थांबला.

दोघंही जमिनीवर बसून राहिलो. त्यांच्या बोटातून रक्त. मी रुमाल बांधला.

“त्या वॉल्व्हाचं मी दोन महिनं सांगतुय,” ते म्हणाले. “कुनी ऐकत न्हाई. चालतंय तवर चालू द्या म्हनत्यात.”

लाइट आली. दोन तासांनी दाब जागेवर. स्फटिक हलकासा तापवला, ठिपके परत लख्ख. उरलेले तीन मोजून घेतले. मोजताना श्वास रोखून धरला होता, जणू माझ्या श्वासाने आत हवा जाणार होती.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कथील दुसऱ्या थरात. नऊच्या नऊ ठिपके.

०.१४.

१६ फेब्रुवारी, रविवार

०.१४ मान्य. मग तेव्हा ०.१९ आलाच कसा?

सकाळी जुनी हार्ड डिस्क काढली. थीसिसच्या वेळची शेवटची गणितं त्यात आहेत. मूळ मोजणी नाही, ती विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर होती, तो कधीच भंगारात गेला. पण गणिताची फाइल आहे. उघडली.

सात ठिपके. नऊ नाही, सात!

पेपरात नऊ लिहिलंय. ‘नऊ बीम मोजले.’ बीम म्हणजे हेच ठिपके. मोजले नऊ, गणितात घातले सात. जे दोन काढले ते नेमके अधल्यामधल्या जागचे, फिकट ठिपके. ते कथिलाच्या नक्षीमुळेच पडतात. बाकीच्या सातांवर कथिलाचा परिणाम जेमतेम, ते पॅलेडियमचेच. म्हणजे ज्या दोघांना खरं माहीत होतं त्यांनाच बाहेर काढलं आणि उरलेल्यांनी हो म्हटलं.

तासभर तशीच बसले. मग आठवलं.

स्पष्ट आठवलं. जुनी लॅब, एप्रिल, थीसिस द्यायला चार दिवस. मी नऊ आलेख भिंतीवर चिकटवलेले. सर खुर्चीमागे उभे, हातात चष्मा. म्हणाले, “ते दोन नॉइझ आहेत, योगिनी. काढ ते.” आणि मी काढले. सव्वीस वर्षांची होते. सरांनी सांगितलं आणि मी केलं.

नवनाथला सांगितलं. तो म्हणाला, “मग त्यांना विचार.”

“विचारायचं काय! मला माहितीये.”

“तरी विचार.”

सरांचा राग येतोय. इतका की मलाच भीती वाटतेय. दहा वर्षं मी यांच्या पाया पडतेय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सलिल सरांना दोन आलेख शेजारी शेजारी दाखवले. ते तज्ज्ञ नाहीत, पण डोळे आहेत. एकात दोन रेषा एकमेकींना चुकवत चाललेल्या. दुसऱ्यात एकीवर एक.

त्यांनी दुसऱ्या आलेखावर बोट ठेवलं.

“म्हणजे आपण सहाशेला भाजतो तेव्हा कथील आत जातं.”

“हो.”

“आणि पॅलेडियम उघडं पडतं. गंधक चिकटतं. साठ तास.”

“हो, सर.”

“कमी तापवलं तर?”

“साडेचारशेला थांबलो तर कथील वर राहायला हवं. मोजून सांगते. पाच दिवस द्या.”

“पाच नाही, चार.” मग म्हणाले, “आणि मधुसूदन सरांना कोण सांगणार?”

मी म्हटलं, मी.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंतीची सुट्टी. डांगे चौकात सकाळपासून ढोल. गर्दीतून गाडी काढून चऱ्होलीला गेले. सर रिटायर झाल्यावर तिथल्या सोसायटीत राहायला गेले, सातव्या मजल्यावर.

पद्माकाकूंनी दार उघडलं. “अगं ये ये! किती दिवसांनी! पोहे टाकते.” सर हॉलमध्ये पेपर वाचत होते. एकाहत्तर वर्षांचे झाले. थोडे वाळलेत.

मी काही न बोलता नवे आलेख त्यांच्यासमोर ठेवले. वाटलं होतं चिडतील. त्यांनी चष्मा लावला, एकेक कागद उचलून खिडकीशी नेला. पंधरा मिनिटं. अर्धा तास. पोहे निवले. मग वळले आणि — चेहऱ्यावर हसू!

“अगं, कथील खाली गेलंय!”

“हो, सर.”

“काय सुंदर आहे हे! बघ इथे, दोनशे व्होल्टला हे शिखर दुभंगतं, ते आपल्याला कधीच मिळत नव्हतं. शाब्बास! शाब्बास, योगिनी!” काकूंना हाक मारली, “पद्मा, ही बघ काय घेऊन आलीये!”

क्षणभर माझा राग कुठल्या कुठे गेला. मग परत आला. म्हटलं, “सर, मग आपल्याला तेव्हा ०.१९ कसा आला?”

ते थांबले. “हो. कसा आला?”

“गणितात सातच बीम होते. दोन काढले होते.”

“कुणी?”

“तुम्ही सांगितलंत काढायला.”

काकू दारात उभ्या. 

“मी?”

“हो, सर. नॉइझ आहे म्हणालात.”

“मी असं म्हणालो?” आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होते. “पेपरात तर नऊ आहेत. मी तो पेपर चार वेळा वाचला होता छापायच्या आधी. सात असताना मी नऊ कसं लिहू दिलं?”

“माहीत नाही, सर.”

“तुला नीट आठवतंय?”

“अगदी नीट. तुम्ही माझ्या खुर्चीमागे उभे होतात.”

ते सोफ्यावर बसले. हातातले कागद नीट एकावर एक रचले. काकूंकडे बघितलं. काकूंनी नजर खाली घातली.

“मला अजिबात आठवत नाही,” सर म्हणाले. “पण तुला आठवतंय म्हणजे म्हणालो असणार. आजकाल माझं... ही सांगेल तुला. परवा भाजी आणायला गेलो आणि हिने काय सांगितलं तेच विसरलो.”

“अहो, भाजीचं काय घेऊन बसलात,” काकू म्हणाल्या.

“भाजी वेगळी आणि हे वेगळं, मला कळतं.” मग माझ्याकडे वळून, “पेपर मागे घेऊ. पत्र मी लिहितो. निर्णय माझा होता असं लिहितो. तुझ्यावर काही येणार नाही.”

मी मान हलवली. नको म्हणाले नाही. योग्यच होतं ना ते? चूक त्यांची होती.

लिफ्टपर्यंत सोडायला आले. “कथील खाली!” परत म्हणाले, पण आता आवाज बारीक.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काम. फक्त काम. साडेचारशेचा नमुना चेंबरमध्ये. वॉल्व्ह नवा बसवला, सलिल सरांनी एका सहीत मंजूर केला. सयाजीभाऊ त्याला पुसून पुसून बघतायत.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

साडेचारशेला कथील वर. ०.१६. शंका नाही.

सलिल सर लॅबमध्ये येऊन पडद्याकडे वाकून बघत राहिले. पहिल्यांदाच आले काळ्या कापडाच्या आत. “हे ठिपके म्हणजे अणू?” म्हटलं, नाही सर, अणूंवरून उसळलेले इलेक्ट्रॉन. “तेच ते,” म्हणाले. मग बाहेर जाऊन इंजिनवाल्यांना फोन लावला. रेसिपी बदलतोय, २८ तारीख थोडी पुढे न्या, नवा नमुना पाठवतोय, बेंचवर शंभर तास चालवा.

फोन ठेवल्यावर म्हणाले, “मधुसूदन सरांचं कन्सल्टन्सीचं पत्र मार्चमध्ये संपतंय. पुढे रिन्यू करता येणार नाही. तू समजू शकतेस.”

समजू शकते.

२६ फेब्रुवारी, बुधवार

नमुना कालपासून बेंचवर. तीस तास झाले. काही नाही. म्हणजे चांगलं. नवनाथ साबुदाण्याची खिचडी घेऊन आला, महाशिवरात्र आहे हे मी विसरलेच होते.

१ मार्च, शनिवार

शंभर तास! कार्यक्षमता जवळपास तशीच. सलिल सरांनी लॅबला पेढे आणले. सयाजीभाऊंना दोन दिले, तर म्हणाले, “एक वॉल्व्हाच्या नावाचा.” सगळे हसले. मीही. बऱ्याच दिवसांनी.

३ मार्च, सोमवार

सरांनी पत्राचा मसुदा पाठवलाय. एका पानाचा. ‘दोन बीम विश्लेषणातून वगळण्याचा निर्णय माझा होता. विद्यार्थिनीने माझ्या सूचनेनुसार काम केले. या चुकीची संपूर्ण जबाबदारी माझी आहे.’ खाली सही. सही थोडी वाकडी.

 चूक कबूल करणारा माणूस आहे. हे सगळ्यांना जमत नाही. मनातल्या मनात त्यांना माफ केलं.

पेपर छापणाऱ्या मासिकाच्या नियमाप्रमाणे पत्रासोबत मूळ मोजणीही लागते, वगळलेल्या दोन बीमसकट. माझ्याकडे नाही, सरांकडे नाही. क्षितिजला मेल टाकली. तेव्हाचा आमचा सीनिअर, आता जर्मनीत असतो. त्याच्याकडे कदाचित असेल.

६ मार्च, गुरुवार

पद्माकाकूंचा फोन. दुपारी, मी कँटीनमध्ये असताना.

“योगिनी, तुला वेळ आहे का गं?”

सरांनी स्कूटरची किल्ली शेजारच्यांना देऊन टाकली. आता चालवणार नाही म्हणाले, कुठे धडकलो आणि विसरलो तर? कॉलेजमध्ये त्यांचं व्याख्यान होतं १५ तारखेला, रद्द केलं. गॅस बंद केलाय का ते तीन तीनदा उठून बघतात. काय खाल्लं, कुणाचा फोन आला, सगळं वहीत लिहून ठेवतात.

“डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चित्रं काढायला लावली, उलटे आकडे म्हणायला लावले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे, काही नाही झालेलं. पण हे ऐकत नाहीत. म्हणतात, तुम्ही मला भाजी विचारताय, घड्याळ विचारताय. मी माझ्या विद्यार्थिनीला खोटं करायला सांगितलं आणि ते मला आठवत नाही. याहून मोठं काय विसरायचं माणसाने?”

मी म्हटलं, “काकू, दहा वर्षं झाली त्याला. कुणीही विसरेल.”

“हे नाही गं विसरत,” काकू म्हणाल्या. “पन्नास वर्षांपूर्वी मी कोणती साडी नेसले होते ते सांगतात.”

रविवारी भेटायला जायचं ठरवलं.

९ मार्च, रविवार

गेले नाही. डोकं दुखत होतं. खरं म्हणजे दुखत नव्हतं.

१० मार्च, सोमवार

सरांचं पत्र मासिकाला गेलं. मला प्रत आली. उत्तरही लगेच — महिन्याभरात पेपर मागे घेतल्याची नोंद छापतील, कारणासकट, नावासकट.

सलिल सरांनी नवीन पेपर लिहायला सांगितलाय. पहिलं नाव माझं. कथील, साडेचारशे, सहाशे, सगळं. आनंद व्हायला हवा.

११ मार्च, मंगळवार

नवनाथने विचारलं, “सर खुर्चीमागे उभे होते, मग तुला त्यांच्या हातातला चष्मा कसा दिसला?”

म्हटलं, दिसला असेल मान वळवल्यावर. काहीही काय विचारतोस!

तो म्हणाला, “सहज.”

१२ मार्च, बुधवार

क्षितिजची मेल आली. मोजणी सापडली. १७ एप्रिल २०१५ ला मीच त्याला तपासायला पाठवली होती, नऊच्या नऊ बीम, आणि वर माझं पत्र: ‘दोन बीम काढले की ०.१९ येतो. सरांना बोललेले नाही, ते नऊचंच धरून चाललेत. विचारलंच तर नॉइझ होता म्हणेन. प्लीज तूही बोलू नकोस. सोमवारी जमा करायचंय.’

चारदा वाचलं. माझीच भाषा, माझंच नाव.

मासिकाला लिहिलं: पत्र थांबवा, निर्णय माझा होता. ही मेल सोबत जोडली. सलिल सरांनाही प्रत. रजा टाकली. आता चऱ्होलीला निघतेय. सरांच्या आधी काकूंना सांगायचं — सर काहीही विसरलेले नाहीत.